मायला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर: कोणता शेक घ्यावा? साधा, आयएमआरटी की आतला?

तापीकाठ (सोमवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, शेती करतो. इथे बरीच वर्षं नुसता वाचतो. आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण डोकं चालेनासं झालंय.

माझी माय ५६ वर्षांची. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत परत अंगावरून जायला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणे, "घरमा इतलं काम पडेल शे." माझ्या बायकोला धुणं धुताना परकरावरचे डाग दिसले तेव्हा कळलं. तोवर चार महिने गेले होते.

बायोप्सीत स्क्वॅमस सेल कॅन्सर निघाला. एमआरआयमध्ये साडेपाच सेंटिमीटरची गाठ, उजवीकडे ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेलेली, त्या बाजूच्या किडनीला सूज. स्टेज ३बी लिहिलंय. हिमोग्लोबिन ८.२. वजन ४१ किलो.

तीन ठिकाणी दाखवलं. पहिल्या ठिकाणी लिनॅक मशीन आहे. ते म्हणाले, महात्मा फुले योजनेत बसवतो, पाच आठवडे बाहेरून शेक (रेडिएशन) आणि दर आठवड्याला एक केमो. आतून शेक द्यायची सोय आमच्याकडे नाही, पण शेवटी बाहेरूनच जास्तीचा डोस देऊ, "तेच होतं". दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, साधा शेक घेऊच नका, आतडी जळतात. आयएमआरटी घ्या, योजनेशिवाय, एक लाख ऐंशी हजार भरा. तिसऱ्या ठिकाणी बाहेरून कोबाल्ट आणि आतून शेक (ब्रॅकी), दोन्ही योजनेत. पण भाऊबंद म्हणतात कोबाल्ट जुनाट आहे, तिथे नेऊ नको.

बैलजोडी विकायची माझी तयारी आहे. पण नक्की कशासाठी विकतोय ते मला कळलं पाहिजे.


सातपुडा (सोमवार, रात्री ११:२०)

भाऊ, पैसा परत येतो, माय येत नाही. माझ्या मेव्हण्याला घशाच्या कॅन्सरला आयएमआरटी दिली होती, त्याच्या लाळेच्या ग्रंथी वाचल्या, आज तो भाकरी खातो. मी तर म्हणेन नवीन तेच घ्या.


किरणकाका (मंगळवार, सकाळी ६:१५)

तापीकाठ, रात्री तुमचा धागा वाचला आणि झोप लागली नाही. मी ३१ वर्षं रेडिओथेरपी टेक्निशियन होतो. आधी कोबाल्टवर, नंतर लिनॅकवर. आता धुळ्यात निवृत्त आहे. इलाजाचा निर्णय डॉक्टरांचा. पण मशीन काय करतं ते मी सांगू शकतो.

तुमच्या डोक्यात दोन गोष्टींची गल्लत करून दिली आहे. कोबाल्ट आणि लिनॅक ही मशीनं. थ्रीडी, आयएमआरटी, व्हीमॅट या पद्धती.

कोबाल्ट मशीनच्या डोक्यात कोबाल्ट-६० चा सोर्स असतो. झडप उघडली की गॅमा किरण बाहेर. सोर्स जुना होत जातो, ५.२७ वर्षांत त्याची ताकद निम्मी होते. म्हणजे नव्या सोर्सला ज्या डोससाठी दीड मिनिट लागायचं, त्यालाच पाच-सव्वापाच वर्षांनी तीन मिनिटं लागतात. डोस तोच, पडून राहायचा वेळ वाढतो. दोष आहेतच. किरणांची कड पुसट असते, त्यामुळे शेजारच्या अवयवांवर थोडं सांडतं. आणि खोलवर ताकद कमी पडते. जाड अंगाच्या बाईला खोल डोस पोचवायचा तर वरच्या कातडीला जास्त सोसावं लागतं. तुमची माय ४१ किलोची आहे. बारीक अंगाला चार बाजूंनी नीट शेक दिला तर कोबाल्टवर चांगलं काम होतं, माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी बाया पुढे वर्षानुवर्षं तपासणीला चालत यायच्या. आपल्या बीएआरसीने भाभाट्रॉन नावाचं कोबाल्ट मशीन बनवलंय, ते आजही नव्याने बसवलं जातं. जुनाट म्हणून हिणवू नका.

लिनॅकमध्ये सोर्स नसतो, विजेवर क्ष-किरण तयार होतात. कड रेखीव, खोलवर पोच चांगली. लिनॅकवर थ्रीडी पद्धत असेल तर सीटी स्कॅन काढून गाठीच्या आकाराप्रमाणे प्रत्येक बाजूच्या झोताला आकार देतात. मशीनच्या तोंडाशी धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्या सरकून तो आकार तयार होतो. आयएमआरटीत त्याच पट्ट्या शेक चालू असताना हलतात आणि एकाच झोतात कुठे जास्त, कुठे कमी किरण सोडतात. त्यामुळे डोस आतड्यांना वळसा घालून जातो. व्हीमॅट म्हणजे तेच, फक्त मशीन रुग्णाभोवती फिरत फिरत देतं, म्हणून वेळ कमी लागतो.

आणि एक, कुणी विचारायच्या आत सांगतो. शेक घेऊन आलेल्या बाईच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. आतला शेक इरिडियमचा असेल तर तो सोर्सही काम झालं की मशीनमध्ये परत जातो. नातवंडं मांडीवर बसू द्या. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे आजीला सहा महिने वेगळ्या खोलीत ठेवलं होतं.


तापीकाठ (मंगळवार, सकाळी ७:०५)

काका, आमच्याकडे कालपासून तेच चाललंय. माझी तीन वर्षांची मुलगी आजीजवळ जायला रडतेय. आत्ताच तिला मायच्या खाटेवर नेऊन बसवलं.


एरंडोलची लेक (मंगळवार, दुपारी २:३०)

दादा, मी या आजारातून गेले आहे, चार वर्षं झाली. माझं प्रकरण वेगळं होतं, म्हणून नीट वाचा.

अंगावर जायचं म्हणून गावाजवळच्या एका दवाखान्यात माझी गर्भपिशवी काढून टाकली. आधी पिशवीच्या तोंडाची तपासणी नाही, बायोप्सी नाही. टाके काढायला गेले तेव्हा रिपोर्ट हातात दिला, त्यात कॅन्सर. आधी कळलं असतं तर इलाज वेगळा झाला असता. त्यावर मी खूप रडले, आजही राग जात नाही.

मग शेक घ्यावा लागला. पिशवी काढलेली असली की आतडी खाली उतरून त्या रिकाम्या जागेत बसतात आणि शेकाच्या रेषेत येतात. म्हणून मला आयएमआरटी दिली आणि रोज टेबलावरच स्कॅन काढून जागा जुळवायचे. रोजचा नेम असा: पोचल्यावर लघवी करून यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं, मग पाऊण तास थांबायचं. लघवीची पिशवी भरली की ती आतड्यांना वर ढकलते. मी घरून दोन छोट्या बाटल्या मोजून भरून न्यायचे. एकदा एसटीला उशीर झाला, घाईत अर्धंच पाणी प्याले, तर स्कॅन बघून त्यांनी मला टेबलावरून उतरवलं आणि परत बसवलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, ज्याने उतरवलं त्याने माझी आतडी वाचवली.

तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, लघवीला जळजळ, आणि असा थकवा की वेणी घालायला हात वर होत नसे. शेक संपल्यावर महिन्याभरात बरंच निवळलं.


पांढरा कोट (मंगळवार, रात्री ९:४०)

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, मूळ पारोळ्याचा, सध्या पुण्यात. रुग्ण न बघता इलाज सांगणार नाही. पण "तेच होतं" हे वाक्य वाचून गप्प बसवेना.

तेच होत नाही.

बाहेरून ४५ ते ५० ग्रे डोस देतात, २५ दिवसांत वाटून. ग्रे हे किरणांच्या डोसचं माप. एवढ्याने गाठ लहान होते, मरत नाही. ती मारायला हिशेबाने ८५ ग्रे किंवा त्याहून जास्त लागतात (आतल्या शेकाचे मोठे डोस या हिशेबात आकड्याहून जास्त धरतात). आता अडचण बघा. गर्भाशयाच्या तोंडाच्या पुढे लघवीची पिशवी, मागे संडासची जागा, दोन्ही अगदी चिकटून. बाहेरून तेवढा डोस नेला तर हे दोन अवयव वाचत नाहीत. आतून, म्हणजे गर्भाशयाच्या पोकळीत नळी ठेवून, तिच्यातून इरिडियमचा बारीक सोर्स फिरवला तर गाठ सोर्सला चिकटून असते आणि तिला भरपूर मिळतं. अंतर दुप्पट झालं की डोस चौथाईवर येतो, म्हणून जरा पलीकडचा अवयव बचावतो. निसर्गाने त्या जागेला ही एक वाट दिली आहे. कितीही महागडं बाहेरचं मशीन ती नक्कल पूर्ण करू शकत नाही.

अमेरिकेत नवी मशीनं आली तशी आतल्या शेकाची सवय सुटत गेली. १९८८ मध्ये ८३ टक्के बायकांना तो मिळायचा, २००९ मध्ये ५८ टक्क्यांना. ज्यांना मिळाला नाही त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले. उलट बाजूने, एमआरआय बघून आतला शेक बेतून दिलेल्या १३४१ बायकांचा एम्ब्रेस हा अभ्यास २०२१ मध्ये आला. पाच वर्षांनी ९२ टक्के जणींत गाठीच्या जागी आजार ताब्यात होता. त्यात ३बी सारख्या पुढच्या स्टेजच्याही होत्या.

सातपुडा, तुमच्या मेव्हण्याचं खरं आहे, घशात आयएमआरटीने मोठा फरक पडतो. इथेही फरक पडतो, पण कशात पडतो ते बघायला हवं. टाटा मेमोरियलच्या पार्सर या चाचणीत ३०० बायका होत्या. तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास साध्या थ्रीडी पद्धतीत सुमारे ४२ टक्के, तर रोज स्कॅन करून दिलेल्या आयएमआरटीत सुमारे २१ टक्के. म्हणजे निम्मा. कॅन्सर परतण्यात मात्र दोन्हींत फरक नाही. आणि या सगळ्या बायका ऑपरेशन झालेल्या होत्या, एरंडोलच्या ताईंसारख्या. त्यांना आयएमआरटी दिली ते अगदी योग्य झालं.

तापीकाठ, तुमच्या आईची पिशवी जागेवर आहे. तिथेही आयएमआरटीने आतड्यांचा आणि हाडांतल्या मगजाचा डोस कमी होतो, आणि लिम्फच्या गाठी सुजलेल्या असतील तर ती फार उपयोगी. पण गर्भाशय स्थिर नसतं, लघवी भरली-सरली की ते हलतं. झोत जितका रेखीव तितकी निशाणा चुकायची भीती. म्हणून रोजच्या स्कॅनशिवाय नुसती आयएमआरटी विकत असतील तर घेऊ नका.

मला विचाराल तर तुमच्या आईसाठी आधी आतला शेक, मग सगळा इलाज आठ आठवड्यांत संपणं, मग केमो, आणि या तिन्हींची सोय झाल्यावर पैसे उरले तर आयएमआरटी.

केमोबद्दल: सिस्प्लॅटिन, आठवड्यातून एकदा. ३बी च्याच ८५० बायकांची टाटाची चाचणी २०१८ मध्ये छापून आली. नुसत्या शेकावर पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या, सोबत सिस्प्लॅटिन दिलेल्यांत ५४ टक्के. हे आकडे तुम्हाला जड जातील, पण तुम्ही खरं विचारलंय म्हणून खरं लिहितोय. सिस्प्लॅटिन किडनीला सोसत नाही, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून, लागलं तर आधी स्टेंट, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकून सूज उतरवून घेतात. हिमोग्लोबिनही आधी दहाच्या वर न्यायचं.


तापीकाठ (बुधवार, पहाटे ५:३०)

डॉक्टरसाहेब, हे तीन वेळा वाचलं. वहीत उतरवून घेतलं.

आमचे मोठे काका म्हणतात, एवढं कशाला, पिशवीच काढून टाका, मुळावरच घाव. त्यांना काय सांगू?


पांढरा कोट (बुधवार, सकाळी ८:१०)

या स्टेजला गाठ भिंतीपर्यंत गेलेली आहे, सुरीने ती पूर्ण निघत नाही. मागे पेशी उरतात. आणि पिशवी काढली की आतला शेक द्यायची नळी ठेवायला पोकळीच उरत नाही. आईच्यापेक्षा आधीच्या स्टेजमध्ये सुद्धा, म्हणजे २बी पर्यंत, टाटाने ६३५ बायकांत आधी केमो मग ऑपरेशन विरुद्ध केमोसह शेक अशी तुलना केली. पाच वर्षं आजाराविना राहिलेल्या ऑपरेशनच्या बाजूला ६९ टक्के, शेकाच्या बाजूला जवळजवळ ७७. काकांना हे दाखवा.

आणखी एक वाट सुचवतो. बाहेरचा शेक पहिल्या ठिकाणी घ्या, लिनॅक आहे, गावाजवळ आहे, योजनेत आहे. आतला शेक तिसऱ्या ठिकाणी. असं दोन ठिकाणी वाटून घेणं सर्रास चालतं. अट एकच: तिसऱ्या ठिकाणची तारीख आजच पक्की करा, बाहेरचा शेक संपल्यावर नाही. मी पाहिलेले बहुतेक घोळ त्या मधल्या काळात होतात. गाठ लहान होते, रक्त थांबतं, बाईला बरं वाटतं आणि ती घरी निघून जाते. तीन महिन्यांनी परत येते तेव्हा गाठही परत आलेली असते.


शिरपूरची सून (बुधवार, दुपारी ३:४५)

डॉक्टरांनी शेवटी लिहिलंय ते आमच्याकडे होता होता राहिलं. पंचविसावा शेक झाला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आते बस, माले घर ली चाल." रक्त थांबलं होतं, जेवण जात होतं. सासरे पण तयार झाले. मीच हट्टाला पेटले.

आतल्या शेकाचा दिवस कसा असतो ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते, आईंना आधी सांगून ठेवा. सकाळी उपाशीपोटी नेलं. कंबरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला. लघवीची नळी घातली. मग गर्भाशयात एक बारीक नळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन, आणि त्या हलू नयेत, संडासची जागा दूर राहावी म्हणून कापडाची पट्टी आत दाबून भरली. मग तसंच झोपलेल्या अवस्थेत सीटी. त्यानंतर दोन-अडीच तास नुसतं थांबायचं, कारण आत संगणकावर डोस बेततात. हा वेळ सगळ्यात वाईट. कूस बदलता येत नाही, पाय हलवायचे नाहीत, कंबर भरून येते. मी बाहेरून त्यांचे तळवे चोळत बसले होते. मग मशीनच्या खोलीत नेऊन नळ्यांना वायरी जोडल्या, सगळे बाहेर आले, दहा-बारा मिनिटं आवाज आला, संपलं. शेकाचा स्वतःचा काही त्रास नाही. नळ्या काढताना कळ येते, औषध मागून घ्या.

पहिल्या वेळी त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली, दुखण्यापेक्षा. दुसऱ्या वेळी मी नर्सताईंना विनंती केली, आत फक्त बायाच होत्या. विचारायला लाजू नका.


भुसावळ जंक्शन (बुधवार, संध्याकाळी ७:००)

प्रवासाचं माझ्याकडे. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट. दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्या, तिकीट खिडकीवरच मिळतं. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार, आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. दोन ठिकाणी इलाज होणार असेल तर दोन्हीकडची मंजुरी वेगवेगळी लागेल, ते आत्ताच विचारून घ्या.


कळण्याची भाकरी (बुधवार, रात्री ८:२०)

खाण्याचं सांगते, माझ्या नणंदेच्या वेळचं. पाच आठवडे ठेचा, शेवभाजी, वांग्याचं भरीत बंद. आपल्याला मिरचीशिवाय घास उतरत नाही, पण जुलाब सुरू झाल्यावर तो एक घास दिवसभर रडवतो. कळण्याची भाकरी पण नको, कोंडा सोसत नाही. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, उकडलेलं अंडं, पिकलं केळ. दूध बाधत असेल तर थांबवा. मीठ-साखरेचं पाणी उशाशी ठेवा.


तापीकाठ (चार आठवड्यांनी, रविवार)

मंडळी, मधे लिहायला जमलं नाही. किडनीत स्टेंट टाकला, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, आणि पहिल्या ठिकाणी थ्रीडी शेक सुरू केला. तिसऱ्या ठिकाणची आतल्या शेकाची तारीख त्याच्या आधीच घेऊन ठेवली. ती तारीख कॅलेंडरवर बायकोने कुंकवाने रंगवलीय.

या आठवड्यात मशीन दोन दिवस बंद पडलं. पूर्वी असतं तर म्हणालो असतो, चला, दोन दिवस आराम. या वेळी मी डॉक्टरांसमोर वही ठेवली आणि विचारलं, आठ आठवड्यांचं काय? त्यांनी मान्य केलं आणि दोन शनिवारी बोलावलं. तिसऱ्या केमोनंतर उलट्या फार झाल्या, एक आठवडा वजन ३९ वर आलं होतं, आता सावरतंय. जुलाब आहेत. पाण्याचा नेम माय घड्याळ बघून पाळते.


किरणकाका (त्याच दिवशी)

शनिवार मागून घेतलेत, फार बरं केलंत. मशीन बंद पडलं की बहुतेक लोक मुकाट्याने घरी जातात.


तापीकाठ (आणखी पाच आठवड्यांनी)

झालं. बाहेरचे २५, आतले चार, प्रत्येकी सात ग्रेचे. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ५३ दिवस लागले. शिरपूरच्या ताईंनी लिहिलं होतं तसंच बायको आत तळवे चोळत बसली होती, आणि आत बायाच होत्या. तपासणीत डॉक्टर म्हणाले गाठ हाताला लागत नाही, पक्कं तीन महिन्यांनी एमआरआय करून सांगतील. बैल गोठ्यातच आहेत.

एक विचारायचं होतं, मला नीट विचारताही येत नाही. शेवटच्या दिवशी तिथल्या मॅडमनी बायकोला प्लास्टिकची नळीसारखी वस्तू दिली, आणि मायने ती आठवड्यातून दोन-तीनदा वापरायची म्हणून सांगितलं. माय ती पिशवीतून बाहेर काढू देत नाही. म्हणते, या वयात मला काय करायचंय. ते गरजेचं आहे का?


एरंडोलची लेक (त्याच रात्री)

गरजेचं आहे दादा. त्याला डायलेटर म्हणतात. नवरा-बायकोच्या संबंधांपुरतं ते नाही. शेकाने आतली वाट आकसते, भिंती एकमेकींना चिकटतात. तशा चिकटल्या तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आत बघताच येत नाही, आणि आजार परतला तर उशिरा कळतो. मला तसं कुणीतरी समजावल्यावर मी वापरायला लागले. जेली लावून, उताणं झोपून, पाच-दहा मिनिटं. पहिल्या वेळी थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, जास्त गेलं तर दाखवा.

हे तुम्ही मायला सांगू नका. वहिनींना म्हणावं मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी नंबर देते. मी मावशींशी स्वतः बोलेन.


तापीकाठ (दुसऱ्या दिवशी सकाळी)

व्यनि केलाय ताई. तिने मायला तुमचं सांगितलंय, उद्या दहा वाजता फोन लावेल. मी आणि आप्पा तेव्हा शेतात असू.